'निघा हो, वाट आपोआप सापडते' म्हणणाऱ्यांसाठी

कंटूरवाला

'मोकळी_वाट' यांचा कालचा लेख वाचला. सारांश असा: नियोजनाने भटकंतीचा जीव घेतला, एकूण अंतर घ्या, ताशी ४ किमीने भागा, फोनवर नकाशा उतरवून घ्या, दोन लिटर पाणी भरा आणि निघा. खाली टाळ्यांचा पाऊस. प्रतिसाद लिहायला बसलो तर तो मूळ लेखापेक्षा लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ताशी ४ किमी, पण कुठल्या जमिनीवर? स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथने १८९२ साली चालण्याच्या वेळेचा नियम मांडला, तेव्हाही तो नुसत्या अंतरावर थांबला नव्हता. दर ५ किमीला १ तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. १६ किमी आणि १२०० मीटर चढाई घ्या. तुमच्या भागाकाराने ४ तास, नाइस्मिथने ५ तास १२ मिनिटं. तेही धडधाकट माणसाचे, बऱ्या वाटेवर, न थांबता. पाठीवर १५ किलो, पायाखाली घसरता मुरूम आणि जेवायला थांबणं धरलं की दीडपट करा, म्हणजे पावणेआठ तास. उतार फुकट मिळतो असं समजू नका. नाइस्मिथच्या नियमाला लँगमुइरने केलेल्या दुरुस्तीप्रमाणे १२ अंशांपेक्षा तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढतात.

फोनवरच्या नकाशाबद्दल एवढंच सांगतो की समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला एक अशा असतील तर १५-१८ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो. स्क्रीनवर वाट गुळगुळीत दिसते, प्रत्यक्षात दोर लागतो.

समुद्रकाठच्या वाटांवर तर भागाकार चालतच नाही. कॅलिफोर्नियाच्या लॉस्ट कोस्टवर साधारण साडेसहा किमीचे दोन पट्टे असे आहेत की भरतीला तिथे चालायला जमीनच उरत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. गोलगोट्यांवर ताशी २ किमी वेग धरला तर एका पट्ट्याला सव्वातीन तास लागतात. कधी शिरायचं ते समुद्र ठरवतो, तुमची मौज नव्हे.

आणि लेखात इंधनाचं अवाक्षर नाही. माणशी रोज २ लिटर पाणी उकळायचं तर २५-३० ग्रॅम गॅस धरावाच लागतो.

मोकळी_वाट

माझ्या नावाने धागा निघाला, धन्यभाग्य!

अहो, मी 'डोकं घरी ठेवा' असं लिहिलं नव्हतं. माझा राग तक्त्यांवर आहे. पंधरा स्तंभांची फाइल, दर अर्ध्या तासाला एक नोंद, '११:४० खिंड, १५ मिनिटं, सुका मेवा'. अशा फायली माणसाला पुढे ढकलतात. खिंडीवर ढग उतरलेत, पण फाइल म्हणते आज पलीकडेच मुक्काम. परवाना त्या तळाचा त्याच तारखेचा, परतीचं तिकीट काढलेलं. मग माणूस ढगाकडे बघतो की फाइलीकडे? ज्याला आपण उशिरात आहोत हे माहीतच नाही, तो निदान घाई तरी करत नाही.

उंचीवरही तेच. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे पाठ सगळ्यांना असतं. पण तक्त्यात आरामाचा दिवस पाचवा आणि डोकं दुखायला लागलं तिसऱ्या दिवशी, तर किती जण तिसऱ्या दिवशी थांबतात? तुमच्या नाइस्मिथला यावर काही म्हणायचंय का?

आमच्या ग्रुपला तरी आजवर काही झालेलं नाही.

ओहोटी

'आजवर काही झालेलं नाही' याला पुरावा म्हणत नाहीत. रस्ता न बघता ओलांडणारेही बहुतेक वेळा पलीकडे पोचतात.

पण कंटूरवाल्यांचंही अर्धवट आहे. 'समुद्र ठरवतो' म्हणून सोडून दिलंत, कसं ठरवतो ते कोण सांगणार? दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर भरती ते ओहोटी सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बाराव्या हिश्श्याचा नियम वापरा: तासागणिक बारापैकी १, २, ३, ३, २, १ हिस्से. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरचा असेल तर दोन तासांत दीड मीटर. ओहोटीनंतर पहिल्या तासात जेमतेम पाव मीटर चढतं, माणूस निवांत फोटो काढतो, आणि तिसऱ्या तासात तेच पाणी छातीशी येतं.

म्हणून शिरायचं ते पाणी उतरत असताना. समजा ओहोटी १३:१० ला आहे आणि पट्टा सव्वातीन तासांचा. १०:५५ ला शिरा, १४:१० ला बाहेर. शिरताना पाणी एकूण फरकाच्या पाव हिश्श्याच्या जरा वर असतं, निघताना पुन्हा चढायला लागलेलं. ११:३० पर्यंत तोंडाशी पोचला नाहीत तर त्या दिवशी शिरू नका. पुढची ओहोटी रात्री दीडच्या सुमारास, ती सोडा. दुसऱ्या दिवशीची साधारण १४:०० ला, कारण वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे जाते.

आता यात काय चुकतं ते. भरती-ओहोटीचा तक्ता जवळच्या बंदराचा असतो, तुमच्या टोकाचा नसतो. मधला फरक मिनिटांत आणि उंचीत वेगळा दिलेला असतो, तो लोक लावत नाहीत. उन्हाळी वेळ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती) तक्त्यात धरलीय की नाही हे बघत नाहीत, म्हणजे थेट एक तासाची चूक. तक्त्यात उंची जिथून मोजतात ते शून्य आणि डोंगरी नकाशावरचं शून्य एकच समजतात, ते एक नसतं. आणि तक्त्याला हवामान कळत नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल घटला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर वर येतं, म्हणजे वादळात दाब ३० ने पडला तर ३० सेंटिमीटर, आणि त्यावर लाटा वेगळ्या. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, तिथे हे सगळं गणित रद्द.

स्पिरिटदिवा

बाकी चालू द्या, पण 'माणशी २५-३० ग्रॅम गॅस' वाचून राहवलं नाही. गॅस कोणी नेमून दिलाय? स्पिरिटचा चुलाणा चहाच्या कपाएवढा, त्यात ना जाळी ना झडप, बिघडायला काही नाहीच. लिटरला ३५ मिलि. पुरतं. मोजून न्या, संपलं की ओझंही संपलं. गॅसचा रिकामा लोखंडी डबा मात्र शेवटपर्यंत पाठीवर.

पीझो

आले, स्पिरिटवाले आले.

३५ मिलि. म्हणजे २८ ग्रॅम. गॅसला लिटरमागे १३ ग्रॅम. स्पिरिटमध्ये वजनी उष्णताच गॅसच्या निम्म्याच्या आसपास, त्याला इलाज नाही. आठ लिटरच्या पुढे तुमचा हलकेपणा संपतो. गणित येत नसेल तर सांगा, मांडून देतो.

स्पिरिटदिवा

मीच मांडतो. बर्नर ८०, लहान डब्याचं पत्र्याचं वजन १००, आत गॅस १००: एकूण २८० ग्रॅम. माझा चुलाणा, वारारोधक आणि बाटली मिळून ६०. चार लिटर उकळायचं तर ११२ ग्रॅम स्पिरिट, एकूण १७२. तुम्ही मात्र २८०च उचलणार, कारण डबा मोजून भरता येत नाही. आणि आठ लिटरला मी तुम्हाला गाठतो तेव्हाच तुमचा लहान डबा संपतो! पुढचा २३० ग्रॅमचा, त्याचं पत्र्याचं वजन १५०. म्हणजे ४६०. तेवढ्या वजनात मी १४ लिटर उकळतो.

पीझो

ठीक, वजनात जिंकलात. हार-तुरे पाठवतो. १४ लिटर म्हणजे दोघांचे साडेतीन दिवस, आणि तेही वारा नसताना. वाऱ्यात तुमचे ३५ मिलि. ६० कधी होतात ते कळत नाही. भर उन्हात ज्वाला दिसत नाही, विझला समजून माणूस तापलेल्या चुलाण्यात बाटली ओततो आणि आग धारेवरून बाटलीत चढते. शिवाय वणव्याच्या मोसमात बऱ्याच जंगलांत झडप नसलेल्या चुलीला बंदीच असते, तेव्हा तुमचा कप चहा प्यायला वापरा.

बर्फ वितळवायचं असेल तर विषयच मिटला. शून्य अंशाचा १ किलो बर्फ नुसता पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे २० अंशांचं लिटरभर पाणी उकळायला लागतात तितकेच. तिथून उकळेपर्यंत आणखी ४१९. म्हणजे इंधन सव्वादोन पट.

स्पिरिटदिवा

थंडीचं तुम्ही बोलू नये. तुमच्या डब्यातलं ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वाफ व्हायचं थांबतं. पहाटे डबा हलवला तर आत गॅस डुचमळतोय, बर्नरवर मेणबत्तीएवढी ज्योत.

पीझो

नुसतं ब्यूटेन नेलं तर होणारच. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. पण मिश्रण असलं तरी प्रोपेन आधी संपतं, म्हणून अर्धा झालेला डबा भरलेल्यापेक्षा थंडीत जास्त रडतो. लोक अर्धे डबे घेऊन निघतात आणि गॅसला शिव्या घालतात. बरं, उंचीवर गॅस मरतो ही समजूतही उलटी आहे. मारते ती थंडी. ३००० मीटरवर बाहेरचा दाब कमी असल्याने तेच ब्यूटेन उणे १० च्या आसपासपर्यंत वाफ होतं. डबा उथळ ताटलीत पाणी घालून ठेवा, पाणी गोठत नाही तोवर काम होतं. फक्त डब्यावर बसणाऱ्या बर्नरभोवती पूर्ण वारारोधक गुंडाळू नका. डबा हाताला गरम लागला की धोका.

तळटीप

चुलीवरून उठा आता, मूळ प्रश्न करपला.

मोकळी_वाट म्हणतात तक्ता माणसाला ढकलतो. बरोबर, कारण तुमच्या तक्त्यात पोचायच्या वेळा असतात, परतायच्या नसतात. एकच उदाहरण घ्या. हिमनदीतून येणारा ओढा दुपारनंतर फुगतो आणि पहाटे सगळ्यांत खाली असतो. तोच ओढा समुद्राला मिळतो तिथे ओलांडायचा असेल तर ओहोटीही हवी, नाहीतर मुखाशी भरतीचं पाणी तुंबतं. आता ओहोटी दुपारी ३ ला आणि ओढा पहाटे ५ ला सोयीचा. ही दोन घड्याळं जुळत नाहीत हे नकाशावर दिसत नाही आणि तिथे पोचून कळलं तर उपयोग नाही. तारीख आठवड्याने सरकवली की ओहोटी सकाळकडे येते आणि प्रश्नच मिटतो. पण आठवड्याने चंद्र बदलतो, ओहोटीही तितकी खोल जात नाही, तेही बघावं लागतं. हे काम घरी बसूनच होतं. याला भटकंतीचा जीव घेणं म्हणायचं असेल तर म्हणा.

मोकळी_वाट

तारीख सरकवायचा मुद्दा मान्य. लिहून ठेवा कुठेतरी, रोज रोज मान्य करत नाही मी.

पण तुम्हीच बघा, तुमच्या उदाहरणात कामाच्या गोष्टी दोनच निघाल्या: कधी जायचं आणि कुठवर थांबायचं. '११:४०, सुका मेवा' कुठे आहे? मी ज्याला शिव्या घालतोय ते हेच.

कंटूरवाला

तुमच्या लेखात ताशी ४ किमीचा भागाकार होता, सुका मेवा नव्हता. आता लेख सोडून प्रतिसादातलं बोलताय.

ओहोटी

कंटूरवाला, त्यांचा लेख चुकीचा आहे, हा मुद्दा चुकीचा नाही. माझ्या कागदावर दिवसाला तीन ओळी मावतात. भरतीत बुडणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी किती वाजेपर्यंत पोचलो तरच शिरायचं. नाही पोचलो तर भरतीरेषेच्या वर तंबू लावायला जागा आणि पाणी कुठे आहे. आणि कडा टाळून वरून जाणारी वाट कुठून सुटते. अमेरिकेतल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर अशा वाटांच्या तोंडाशी लाल-काळ्या गोल पाट्या लावलेल्या असतात. लाटांकडे बघत चालणाऱ्याला त्या दिसत नाहीत, म्हणून जागा आधी नकाशावर खुणवावी लागते. तिथे दोराला धरून चढायचं असतं, ओल्या पाठपिशवीसकट. तेवढ्या चढाला अर्धा तास जास्त धरा.

दुसरा कागद घरी राहतो. वाट, पर्यायी वाट, माणसं किती, तंबूचा रंग, आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळवायचं ती वेळ. ती वेळ परतीच्या अंदाजाला चिकटवून ठेवू नका. एक भरती चुकली की तुम्ही बारा तास मागे पडता आणि उगाच शोधपथक निघतं.

मोकळी_वाट

घरच्या कागदावर कोण वाद घालतंय? तो मीही ठेवतो. फक्त त्याला नियोजन म्हणायला लाज वाटते.

पीझो

आणि त्यात स्टोव्ह कुठला तेही लिहा. स्पिरिटवाल्यांना शोधायला कुठे धूर दिसणार?

स्पिरिटदिवा

धूर तुमच्या तंबूतून येईल, बाहेर वारा म्हणून आत गॅस पेटवणाऱ्यांच्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झडप असली तरी. बाकी नवीन कोणी स्पिरिट नेणार असेल तर ते पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलीत भरू नका. वेगळ्या आकाराची, वेगळ्या झाकणाची बाटली, आणि तीही पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. अंधारात हात चुकतो.