बॅलरॅट गाव कुणी घडवलं? सोन्यानं, की हॉटेल-घोडागाडी-नाटकानं?

मुक्काम मेलबर्न

भारतातून कुणीही आलं की आम्ही त्यांना मेलबर्नजवळच्या बॅलरॅट या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावाला नेतो. घरून निघालं की दीड तासात पोचतो. गेल्या महिन्यात आई-बाबांना नेलं. 1850च्या दशकातलं गाव जिथे नव्यानं उभं केलंय, त्या सॉव्हरिन हिलला आई घोडागाडीत बसली. उतरताना म्हणाली, "अगं बाई, ही तर पाळण्यासारखी हलते!"

आईनं नेमकं मर्मावर बोट ठेवलं. इथल्या खडबडीत वाटांवर लोखंडी स्प्रिंगा टिकत नसत. 1853 साली चार अमेरिकनांनी मेलबर्नमध्ये कॉब अँड कंपनी काढली आणि अमेरिकेहून वेगळ्याच गाड्या आणवल्या. गाडीचा साटा जाडजूड चामडी पट्ट्यांवर टांगलेला. खड्डा आला की गाडी आदळत नाही, झोका घेते. 30 जानेवारी 1854 ला त्यांची पहिली गाडी मेलबर्नहून सोन्याच्या खाणींकडे सुटली. दर पंधरा-वीस किलोमीटरवर ताजे घोडे जुंपायचे, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या हॉटेलाच्या दारात. तिथेच जेवण, दारू, टपाल, झोपायला खाट आणि पुढच्या गावची बातमी.

माझं म्हणणं असं की ऑगस्ट 1851 मध्ये सोनं सापडलं तेव्हा तंबू पडले, गाव नाही वसलं. गाव केलं ते हॉटेल, गाडी आणि नाटकघरानं. 1853 मध्ये थॉमस बाथनं परवाना घेऊन हॉटेल काढलं, तेच आजचं क्रेग्ज. ते अजून सुरू आहे. त्या काळातल्या खाणी कधीच बंद झाल्या. तुम्हाला काय वाटतं?

विदुला

मला हे अजिबात पटत नाही, आणि मनापासून सांगते, अशा मांडणीचा त्रास होतो.

माझा मुलगा शाळेच्या सहलीला तिथे गेला होता. रास्पबेरीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आला आणि तासभर घोड्यांबद्दल बोलत राहिला. मी विचारलं, ही जमीन आधी कुणाची होती? त्याला सांगता आलं नाही. वाथाउरुंग या मूळ रहिवासी लोकांची होती. बॅलरॅट हे नावच तिथल्या मूळ भाषेतलं मानतात, अर्थ 'विसाव्याची जागा'. त्यांनी खाणवाल्यांना वाटा दाखवल्या, पोसम या प्राण्याच्या कातड्यांची पांघरुणं विकली. बाथच्या हॉटेलाआधी इथे गाव नव्हतं असं म्हणताना हे सगळं पुसलं जातं.

आणि सोन्यासाठी आलेले चिनी? 1855 साली इथल्या व्हिक्टोरिया वसाहतीत कायदा झाला, बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर. म्हणून जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला लागायची आणि तिथून हजारो माणसं शेकडो किलोमीटर पायी यायची, खांद्यावर कावड घेऊन. तुमच्या पाळण्यासारख्या गाडीत ती माणसं कुठे होती?

सातारकर

मी दोघांशीही थोडा भांडणार आहे.

मुक्काम, गाव टिकलं ते कारखान्यांमुळे. वरवरचं सोनं संपल्यावर खोल खाणी आल्या, त्यांना यंत्रं लागली, यंत्रांना ओतशाळा लागल्या. बॅलरॅटच्या फीनिक्स फाउंड्रीनं पुढे रेल्वेची इंजिनं बनवली. त्या काळातली शेवटची खाण 1918 मध्ये बंद झाली, म्हणजे पासष्टेक वर्षं पगार खाणीनंच दिला. त्या पगारावर हॉटेलं चालली.

घोडागाडीचं म्हणाल तर रेल्वे येईपर्यंतच तिचा थाट. 1862 मध्ये जिलाँगहून बॅलरॅटला रेल्वे आली आणि त्याच वर्षी कॉब अँड कंपनीनं मुख्य ठाणं न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्टला हलवलं. आपल्याकडे उलट झालं. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तेव्हा ऑस्ट्रेलियात वाफेची गाडीच नव्हती. पण पुण्याला जायचं तर 1863 पर्यंत बोरघाटात उतरून पालखी नाहीतर तट्टू. म्हणजे आधी रेल्वे आणि मधे पालखी! वाहन गाव घडवत नाही, पैसा ज्या वाटेनं जातो तिथे वाहन जातं.

मुक्काम मेलबर्न

विदुलाताई, चिनी लोकांचं तुमचं म्हणणं मान्य. मी ते लिहायला हवं होतं.

पण हॉटेल म्हणजे नुसती चैन, हे मी मानणार नाही. ऑक्टोबर 1854 मध्ये जेम्स स्कोबी नावाचा खाणवाला बेंटलीच्या युरेका हॉटेलाजवळ मारला गेला. आरोप बेंटलीवर आला, पण त्याचं न्यायाधीशाशी साटंलोटं, त्याला सोडून दिलं. 17 तारखेला हजारो लोक जमले आणि ते हॉटेल जाळून टाकलं. तिथून सभा, मग संघटना, आणि 3 डिसेंबरच्या पहाटे खाणवाल्यांनी युरेकाला उभारलेल्या तटबंदीवर सैन्यानं केलेला हल्ला. वीसहून अधिक माणसं गेली. खाणकामाचा जुलमी परवाना त्यानंतर गेला, वर्षाला एक पौंड भरणाऱ्याला मताचा हक्क मिळाला. राग काढायला लोकांनी हॉटेलच निवडलं, कारण सत्ता तिथेच बसून दारू पीत होती.

विदुला

मग तुम्हीच म्हणताय की गाव हॉटेलानं नाही, हॉटेल जाळणाऱ्यांनी घडवलं! मी हेच तर सांगतेय.

नांदी

मी नाटकवाली, म्हणून राहवत नाही. नर्तकी लोला माँटेझ कुणालाच आठवली नाही? जन्म आयर्लंडचा, लहानपणीची काही वर्षं आपल्याकडे गेली, वडील पाटण्याजवळच्या दानापूरच्या छावणीत कॉलऱ्यानं गेले. पुढे बव्हेरियाच्या राजाची प्रेयसी. फेब्रुवारी 1856 मध्ये ती बॅलरॅटच्या व्हिक्टोरिया थिएटरात नाचली. स्थानिक पत्राचा संपादक हेन्री सीकॅम्प यानं तिच्या चारित्र्यावर लिहिलं, तर युनायटेड स्टेट्स हॉटेलात तिनं त्याला चाबकानं फोडून काढला.

सगळीकडे ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. हाच सीकॅम्प युरेकानंतर खाणवाल्यांची बाजू घेतल्याबद्दल राजद्रोहात तुरुंगात गेला होता, आणि त्या काळात पत्र चालवलं त्याच्या बायकोनं, क्लारानं. हक्कांसाठी तुरुंग पत्करणारा माणूस एकट्या नटीबद्दल काय लिहितो ते बघा. आपल्या संगीत नाटकातल्या बायकांना गावानं काय ऐकवलं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना तो चाबूक समजेल.

आणि विदुला, चिनी लोकांचीही नाटकं होती हो. त्यांच्या मंडळ्या खाणींवर फिरायच्या, तंबूत गाणी-झांजा. रोबहून चालत आलेल्या माणसाला आपल्या भाषेतलं गाणं ऐकू येणं ही मौज नाही. मी परदेशात वीस वर्षं राहिले, गणपतीत पेटीचा पहिला सूर लागतो तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे.

सातारकर

हे मात्र मी मानतो. पगारानं पोट भरतं, गाव वसायला ते पुरत नाही. पण क्रेग्जचं कौतुक करताना कवी अॅडम लिंडसे गॉर्डनही आठवा. 1867 मध्ये त्यानं त्या हॉटेलामागचा तबेला भाड्यानं घेतला आणि वर्षभरात धंद्यात बुडाला. लहानगी मुलगीही त्याच काळात गेली. हॉटेलाच्या पुढच्या दारानं राजपुत्र अल्फ्रेड आला, मागच्या दारी हा माणूस उद्ध्वस्त होत होता.

विदुला

नांदी, गाण्याचं पटलं. तंबूतल्या नाटकांचं मला माहीत नव्हतं, मुलाला सांगेन.

मुक्काम, पुढच्या पाहुण्यांना तिथल्या जुन्या दफनभूमीत न्या. युरेकाचे खाणवाले आणि सैनिक दोघेही तिथे आहेत, आणि एका बाजूला चिनी थडगी. तिकीट लागत नाही.

मुक्काम मेलबर्न

दिवाळीत मामा येतोय. त्याला नेतो. आधी दफनभूमी, मग क्रेग्जमध्ये चहा. मुलाला घेऊन तुम्हीही या, गाडीत दोन जागा आहेत.