सीआरटी-डीच्या होम मॉनिटरवर अलर्ट आला तर पुढे बघतं कोण?

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे, हार्ट फेल्युअर आहे, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) २५ टक्के. सीआरटी-डी (हृदयाचे ठोके जुळवणारं आणि गरज पडली तर शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलंय, तरी अंगात पाणी साठून ॲडमिट व्हायचं काही थांबत नाही. आईबाबा कराडला, मी पुण्यात. ज्यांच्या घरी हे मशीन आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांच्याकडून माहिती हवी आहे.

पलंगाशेजारी मॉनिटर ठेवलाय. रात्री तो छातीतल्या यंत्रातून माहिती घेऊन मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. त्यात छातीतला विद्युतरोधही मोजला जातो. फुफ्फुसात पाणी वाढलं की तो कमी होतो. म्हणजे सूज दिसायच्या आधी सुगावा लागू शकतो. पण क्लिनिकमधला टेक्निशियन म्हणतो, "रिपोर्ट पोर्टलवर येतो, सर बघतात." आणि सर म्हणतात, "त्रास झाला की या." त्रास झाल्यावरच जायचं तर हा डबा कशाला?

थोडं वाचलं. २०११च्या डॉट-एचएफ अभ्यासात रोध घटला की यंत्र वाजायचं, पेशंटला ऐकू जायचं. ॲडमिशन कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या! उलट जर्मनीतल्या टिम-एचएफ२मध्ये (२०१८, दीड हजारावर पेशंट) वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन रोज बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलला जायचं. तिथे डॉक्टर-नर्स चोवीस तास बसलेले. तिथे अचानक ॲडमिट व्हावं लागून वाया जाणारे दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले. म्हणून मला यंत्रापेक्षा पलीकडच्या माणसाची काळजी आहे.

सध्या आमचं मॉनिटरिंग म्हणजे आई. बाबांचं सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करते आणि कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोन रविवारी कोण उचलणार, हे नाही सांगितलं. (पापड मात्र बाबा गुपचूप खातात, ते कुठलंच यंत्र पकडत नाही.)

तर विचारायचं होतं:

तुमच्याकडे अलर्ट आल्यावर हॉस्पिटलमधून स्वतःहून फोन येतो का, की आपणच मागे लागायचं? त्यासाठी वेगळे पैसे घेतात का? लॅसिक्सचा (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) डोस कधी, किती वाढवायचा हे कुणाला डॉक्टरांनी आधीच लिहून दिलंय का? किडनीचं क्रिएटिनिन १.८, म्हणजे वाढलेलं असल्यामुळे मनाने काही करायची हिंमत नाही.

फुफ्फुसाच्या धमनीत बसवायचा बिनबॅटरीचा प्रेशर सेन्सर, कार्डिओमेम्स, भारतात कुणाला बसवलाय का? चॅम्पियन अभ्यासात ५५० पेशंट होते, सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरच्या ॲडमिशन २८ टक्क्यांनी कमी झाल्या, म्हणून विचारतोय. खर्चाचा अंदाजही द्या.

सातारा-कराड-कोल्हापूर पट्ट्यात हार्ट फेल्युअरची नर्स किंवा वेगळं क्लिनिक असेल तर कृपया विपू (माझ्या विचारपूशीत निरोप) करा. दर वेळी पुण्याला आणणं त्यांना झेपत नाही.