दातांवर जाऊ नका, आधी अँफिड बघा

कुणीतरी लिहिलंय की समुद्री सूत्रकृमी (नेमाटोड, दोऱ्यासारखा बारीक कृमी) ओळखायचा तर तोंड बघा, दात दिसले की गट ठरला. अर्धंच खरं! व्हीझर या सूत्रकृमी-अभ्यासकाने १९५३ मध्ये तोंडाच्या रचनेवरून चार गट पाडले, पण ते खाण्याच्या सवयीचे, नात्यागोत्याचे नव्हेत.

मी आधी डोक्याच्या दोन्ही बाजूंचे अँफिड शोधतो, म्हणजे पाण्यातली रसायनं टिपणारे खळगे. एनोप्लिडा गणात ते सहसा खिशासारखे, मॉनहिस्टेरिडा गणात गोल, आणि सबाटिएरिया या वंशात घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेढे घेतलेले. सबाटिएरियाच्या क्यूटिकलवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, बारीक ठिपक्यांच्या आडव्या रांगाही असतात; सूक्ष्मदर्शकाचा फोकस अगदी पृष्ठभागावर आणला तरच दिसतात, जरा खाली गेला की गायब. अँफिड सापडत नसेल तर बहुतेक वेळा कृमी कुशीवर नसतो. तात्पुरत्या स्लाइडवर कव्हरस्लिप हलकेच सरकवा, तो लोळतो.

प्रजातीपर्यंत जायचं तर नर हवाच. स्पिक्यूलची (नराच्या समागमाच्या कडक काट्यांची) लांबी-वाक आणि शेपटीचा आकार मोजा. पिल्लू हाती लागलं असेल तर वंशाच्या नावावर थांबा, उगाच पुढचं नाव चिकटवू नका.