घरच्या लॅपटॉपवर युनिव्हर्सिटीचं व्हीपीएन: कनेक्टेड दिसतं पण पेपर उघडत नाही

प्रश्न: पीएचडी चालूय, सध्या गावी आलेय. विंडोज 11 वर ओपनव्हीपीएन (घरून युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) टाकलं, कॉम्प्युटर सेंटरने दिलेली फाइल इम्पोर्ट केली, कनेक्टेड पण येतं, तरी जेस्टोर ही जर्नलची साइट पेपर विकत घ्या म्हणते. कुणी सांगेल का प्लीज, चॅप्टर अडकलाय.

उत्तर १: ताई, हे स्प्लिट टनेल वाटतंय. म्हणजे फक्त कॅम्पसच्या सर्व्हरचं ट्रॅफिक व्हीपीएनमधून जातं, बाकी सगळं घरच्या नेटवरूनच, आणि जर्नलवाले ओळखतात ते आयपीवरून (म्हणजे कनेक्शनचा नेटवरचा पत्ता, आकड्यांचा), मग त्यांना तुम्ही बाहेरच्याच दिसणार ना. गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून कनेक्ट करायच्या आधी आणि नंतर आकडा बघा, तोच राहिला तर सेंटरकडे फुल टनेलची, म्हणजे सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून नेणारी फाइल मागा.

उत्तर २: लायब्ररीत पण विचार, कॉलेज इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं केंद्र) इन्फेड या लॉगिन व्यवस्थेत असेल तर बऱ्याच साइट्सवर संस्थेच्या लॉगिननेच काम होतं, व्हीपीएन लागतच नाही. आणि वैतागून कुठलं तरी फुकट व्हीपीएन टाकू नकोस गं, त्याने कॅम्पसचा आयपी मिळत नाही.

प्रश्नकर्ती: आकडा तोच राहतोय दादा! आत्ताच मेल टाकला सेंटरला, लायब्ररीत पण फोन करते. खूप थँक्यू दोघांना.