पांडुरंग सांगवीकराचे निदान करावे का?

प्रश्न (एम.ए. मराठीची विद्यार्थिनी, सोलापूर)
भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीवर मी मानसशास्त्रीय समीक्षेच्या अंगाने लघुप्रबंध लिहीत आहे. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या आजाराने झालेला मृत्यू आणि पांडुरंगाचे उदासपण यांवरून त्याला नैराश्य होते, असा निष्कर्ष मी पहिल्या खर्ड्यात काढला होता. मार्गदर्शकांनी समासात ‘बरे, मग?’ एवढेच लिहून तो परत केला. त्यांना नेमके काय अपेक्षित असावे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर)
कागदावरच्या माणसाची नाडी पाहता येत नाही. आपल्या हाती असतात ते त्याचे शब्द, म्हणून मानसशास्त्र लावायचे ते शब्दांना. शोक आणि विषण्णता यांवरील फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधात एक उपयोगी भेद आहे: शोकात जग ओकेबोके वाटते, विषण्णतेत माणूस स्वतःच्याच नजरेत कवडीमोल होतो. मनीच्या मृत्यूनंतरची पाने हा भेद ध्यानात ठेवून वाचा आणि पांडुरंगाचा राग कधी जगावर, कधी स्वतःवर कसा वळतो, ते वाक्यावाक्याने टिपा. (मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचे, म्हणजे मनातले विचार येतील तसे वाहू देण्याचे, तंत्र मुद्दाम योजलेले आहे, तिथे मानसशास्त्र घडणीतच आहे; ‘कोसला’त ते वाचक आणतो, म्हणून जपून.)

उत्तर (समुपदेशक, सोलापूर)
मी साहित्याची अभ्यासक नाही, पण घरात मृत्यू झालेली माणसे समोर बसली की पहिल्या भेटीत गेलेल्या माणसाविषयी क्वचितच बोलतात. दवाखान्याचे बिल किती झाले, तेराव्याला किती पाने उठली, कोणता पाहुणा फिरकलाच नाही, हे मात्र बारकाव्यानिशी सांगतात. पांडुरंगाच्या तोंडी सारखे येणारे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द मला त्याच जातीचे वाटतात. दुखऱ्या जागेपाशी येऊन वाक्य बगल देते. हे शब्द कुठे दाटीने येतात आणि कुठे गळतात, हे आपण मोजले आहे का?

प्रश्नकर्ती
मोजलेले नाही, आता पेन्सिल घेऊन बसते. शंका एवढीच की वसतिगृहातल्या निव्वळ थट्टेच्या प्रसंगांतही हे शब्द भरपूर आहेत. तिथे कोणते दुःख शोधायचे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)
तिथे शोधूच नका. थट्टेसाठी जिभेला लागलेली ही सवय मनी गेल्यावर त्याला पुरते की तोकडी पडते, एवढेच पाहा आणि प्रबंधाची सुरुवात आपल्या याच शंकेपासून करा.