तातडीने मदत हवी : कोंबड्या मरताहेत, अंडी खायची का?

तापीकाठ : चोपडा तालुका. सकाळपासून ७ गावरान कोंबड्या गेल्या, ४ उरल्यात. टोपलीत कालची-आजची ९ अंडी आहेत. पोरांना द्यायची की फेकायची? ढोरांचे डॉक्टर बाहेरगावी. लवकर सांगा, घरात भांडण पेटलंय.

मळेवाला : मानमोडीच शे ती. तिची लस, लासोटा, दिली होती का? माझ्या १९ अशाच गेल्या.

पाखरूवेडा : भाऊ, मेल्या कशा ते सांगा ना आधी. मान वाकडी होऊन, की लाळ गळून? आणि शेतात दोन-तीन दिवसांत काय केलं?

तापीकाठ : लाळ गळत होती, पाय लुळे पडले, पातळ हगवण. आठला चरत होत्या, दहाला आडव्या. शेतात परवा मका पेरला, बाकी काही नाही.

मळेवाला : हगवण म्हणजे मानमोडीच.

पाखरूवेडा : दोन तासांत सात? मानमोडी अशी नसते. उरलेलं बी कुठे टाकलं?

तापीकाठ : उकिरड्यावर झटकलं. आता एकीच्या गळ्याखालची पिशवी चिरून पाहिली, गुलाबी दाणे गच्च. पाकिटातलं हायब्रीड होतं. वाळवी लागते म्हणून वरून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक चोळलं होतं.

दशपर्णीवाले : रासायनिक सोडा म्हणून किती सांगायचं! मी ६ वर्षं फक्त दशपर्णी अर्क वापरतो.

मळेवाला : त्यात धोतरा अन् कण्हेर असते ना? ते काय सरबत शे?

दशपर्णीवाले : गिधाडंही अशीच संपली. डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी २००६ ला बंद केलं तेव्हा उशीर झाला होता.

पाखरूवेडा : ते दुखण्यावरचं औषध, काका. इथे कुणी विचारलं? तापीकाठ, अंडी नकोत. हे औषध चरबीत विरघळतं, बलकात उतरू शकतं, उकडून भरवसा नाही. मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांपुढे टाकू नका, विहिरीपासून लांब खोल पुरा. एक डॉक्टरांना दाखवायला ठेवा. उकिरड्यावरचं बी आधी गाडा. मोर येतात का तिकडे?

तापीकाठ : बांधावर एक कालपासून मरून पडलाय. पोरगा पिसं आणायला गेलाय.

पाखरूवेडा : माघारी बोलवा त्याला! मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला आहे, हात लावायचा नाही. वनखात्याला १९२६ वर कळवा. आणि बी चोळलं कुणी? हातमोजे होते?

तापीकाठ : हातमोजे कोण घालतं भाऊ. मीच चोळलं. कालपासून मळमळतंय, तोंडाला पाणी सुटतंय. रात्री पाण्याची पाळी होती, वाटलं जागरण बाधलं.

नर्सताई : दादा, कोंबड्यांचं राहू द्या. त्यांना झालं तेच तुम्हाला होतंय. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, बाटली सोबत घ्या आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिथे उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. मोटारसायकल स्वतः चालवू नका.

तापीकाठ : बायको म्हणते डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसताहेत. मेहुण्याच्या मागे बसून निघालो.

खान्देशी सुगरण : विषय निघालाच आहे तर, भरताच्या वांग्यावर फवारलेलं पऱ्हाट्यांवर भाजलं की जातं का हो? साल तर काढतोच आपण.

पाखरूवेडा : आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध गरात असतं ताई, साल काढून काय होणार? फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं. तापीकाठ, पोचलात का?

मळेवाला : उरलेल्या ४ ला लासोटा देऊन टाका तरी.

नर्सताई : पोचलात का दादा?