लक्ष्मी रस्ता वर्षातून एकच दिवस मोकळा का?

सदाशिवपेठकर

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा लक्ष्मी रस्ता त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. गेल्या खेपेला आईला घेऊन गेलो होतो. ती सत्तरीची, गुडघे दुखतात. रस्त्याच्या मधोमध उभी राहून जुन्या इमारतींचे सज्जे बघत बसली. म्हणाली, "चाळीस वर्षं इथे येतेय, वर कधी बघितलंच नाही." कसं बघणार? नजर सतत खाली, फुटक्या पदपथावर आणि अंगावर येणाऱ्या दुचाकींवर.

पादचाऱ्याला पहिला मान देणारं धोरण महापालिकेने २०१६ मध्येच मंजूर केलं आहे. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईपर्यंत भुयारी मेट्रो येते. मग हा तुकडा रोज सकाळी ९ ते रात्री ९ बंद का ठेवू नये? दिल्लीत चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या सव्वा किलोमीटरच्या रस्त्यावर याच वेळेत मोटारगाड्यांना बंदी आहे.

तिसरी_पिढी

आमचं साड्यांचं दुकान त्याच पट्ट्यात आहे. लग्नाचा बस्ता बांधायला जुन्नर, इंदापूर, भोरकडून पंधरा-पंधरा माणसं गाडी करून येतात. नवरीची आजी असते, कडेवर पोर असतं, परतताना सहा-सात पिशव्या. त्यांना तुम्ही मंडईपर्यंत चालत पाठवणार? ते दुसऱ्या वर्षी उपनगरातल्या मोठ्या दालनात जातील, तिथे दारात गाडी लागते.

पादचारी दिनाला गर्दी असते हे खरं. पण लोक फिरायला येतात, फोटो काढतात. गल्ल्यावर बसतो म्हणून सांगतो, त्या दिवशी आमचा धंदा निम्मा होतो.

सदाशिवपेठकर

दादा, तुमचं गिऱ्हाईक आजही दारात गाडी लावू शकत नाही. पी-१, पी-२ च्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या जागा सकाळी दहालाच भरतात, त्यातल्या बऱ्याच दुकानमालकांच्या आणि नोकरांच्या दुचाकींनी. बस्त्यावाली गाडी आत्ताही हमालवाड्यात किंवा मंडईच्या वाहनतळावरच लागते. तिथून दुकानापर्यंत ती आजी आज रिक्षांच्या मधून जीव मुठीत धरून येते. एक दिवसाच्या जत्रेवरून वर्षभराच्या धंद्याचा हिशेबही लागत नाही. रोज बंद असेल तर फोटो काढणारे आठवड्याभरात कमी होतील आणि खरेदीला येणारे उरतील.

बोळातली

मी दुकानदार नाही, मागच्या बोळात राहते. लक्ष्मी रस्ता बंद झाला की गाड्या नाहीशा होत नाहीत, कुमठेकर रस्त्यावर आणि आमच्या बोळात येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बंदच्या दिवशी सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका कोपऱ्यावर अडकली. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. ते वाचले, पण तो दिवस मी विसरणार नाही. पालखी आणि विसर्जन आम्ही आनंदाने सोसतो, ते आमचंच आहे. वर्षाचे ३६५ दिवस मात्र नाही.

पथारीवाली_आई_माझी

बोळातली ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. बॅरिकेड लावताना रुग्णवाहिकेची वाट आधी आखायलाच हवी.

माझी आई वीस वर्षं पथारी लावते, पिना आणि बांगड्या विकते. रस्ता सुशोभित करायचा म्हटलं की पहिला हात आमच्यावर पडतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आमची नोंदणी होते, जागा द्यावी लागते. आराखड्यात दगडी बाकं आणि कुंड्या दिसतात, पथारी दिसत नाही. रस्ता बंद करा, मला आनंदच आहे, कारण पायी जाणारा माणूसच आईकडे थांबतो. पण आईच्या साडेचार फुटांची जागा नकाशात आधी दाखवा.

तिसरी_पिढी

चांदणी चौकाचं उदाहरण दिलंत म्हणून सांगतो, खरेदीला मी तिथे जातो. बंदी असूनही दुचाकी घुसतात. बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर २०२० च्या शेवटी शनिवार-रविवार गाड्या बंद केल्या होत्या, तो प्रयोगही पुढे टिकला नाही. नियम करणं सोपं असतं, रोज चौकात माणूस उभा करणं अवघड.

आणि मालाचं काय? सुरतेहून गठ्ठे येतात, टेम्पो दुपारी लागतो. रात्री ९ नंतर माल उतरवायचा तर हमाल थांबायला हवेत, दुकानातली दोन माणसं थांबायला हवीत. त्यांची शेवटची बस चुकेल, ती कोण देणार?

सदाशिवपेठकर

टेम्पोचा मुद्दा मी धरला नव्हता, तुमचं बरोबर आहे. पहाटे ६ ते ९ ची वेळ चालेल का? तेव्हा दुकानं बंद असतात, रस्ता रिकामा असतो.

तिसरी_पिढी

६ ते ९ ला गठ्ठे उतरवून घेणारं कोणी नसतं. ८ ते ११ द्या, आणि तेही महापालिकेच्या लेखी आदेशात. मग आमच्या गल्लीतल्या दुकानदारांशी मी स्वतः बोलतो. बोळातल्या ताईंची वाट आखल्याशिवाय मात्र सही करणार नाही.